चैत्रातले अनारसे

"शेवंते, खरं सांग. मी मरणार हाय व्हय?"

आईनं हे विचारलं तेव्हा तिच्या हातात अर्धा खाल्लेला अनारसा होता. माझी मावशी नुकतीच एसटीतून उतरून आली होती, पदरानं मानेवरचा घाम पुसत होती. तिनं आणलेला डबा आईच्या मांडीवर उघडा पडलेला.

"काय बी काय बोलतीस, अक्का!" मावशी म्हणाली.

"मग चैत्रात अनारसं कुठलं? दिवाळीला मागितलं तर पीठ बिघडलं म्हणालीस. काल नणंदबाई खरवस घिऊन आल्या. परवा थोरल्या भावजींनी स्वतः बाजारात जाऊन वाम मासा आणला. मी लगीन होऊन या घरात आले, त्येला तीस वर्षं झाली. मला काय आवडतं ते आजवर एकानं इचारलं न्हाई. आन् आता सगळ्यांना एकदम पाठ?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. मग मावशी जी खाली बसली ती गळा काढूनच. "अक्का गं, आम्हाला टाकून चाललीस गं!" झालं. पंधरवडाभर अख्ख्या भावकीनं जपलेलं गुपित एका हंबरड्यात अंगणात.

आई रडली नाही. उरलेला अनारसा तिनं तोंडात टाकला, हात झटकले आणि म्हणाली, "खसखस कमी पडली. थोरल्या भावजींना बोलवा."

आमचं गाव विट्याकडचं. तिकडं घराघरातला एकजण तरी परमुलखात गलाई करतो. गलाई म्हणजे सोन्याची मोड, सराफाच्या दुकानातली झाडलेली माती, असलं सगळं मुशीत घालून वितळवायचं, तेजाबानं धुवायचं आणि चोख सोनं काढून द्यायचं. माझे वडील सेलमला होते. मी सहावीत असताना ते हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा सगळ्यांनी आईला सांगितलं, दुकान विकून टाक आणि गावी ये, भट्टीपुढं बाई बसत नसते. आई बसली. पुढच्या वर्षी बोलणाऱ्यांपैकीच दोघांनी आपली पोरं तिच्या हाताखाली शिकायला पाठवली. मला मराठी शाळा हवी म्हणून तिनं मला गावात थोरल्या चुलत्यांकडं, आबांकडं ठेवलं होतं. वर्षातून एकदा, चैत्रात, जत्रेला सगळे गलाईवाले गावी परततात तशी ती यायची.

त्या साली आली ती उजव्या कुशीत दुखतंय म्हणत आली. विट्याच्या डॉक्टरांनी सांगलीला पाठवलं. सांगलीत पोटाची सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो झाला. लिव्हरवर गाठी होत्या आणि दोन्ही फुप्फुसांत मक्याच्या दाण्यांसारखे ठिपके. तिथल्या डॉक्टरांनी आबांना बाहेर घेतलं आणि सांगितलं, "पसरलंय. आता त्यांना त्रास देऊ नका. घरी न्या, आवडीचं खाऊ घाला."

आबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. माझा बाप गेल्यावर त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. सांगलीहून आल्यावर ते मला गोठ्यामागं घेऊन गेले आणि माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, "वैजे, तिच्या डोळ्यांदेखत तुझ्या डोक्यावर अक्षता पडल्या तर बाईचा जीव सुखानं जाईल. न्हाईतर तुझ्यात अडकून पडंल गं तो."

मी हो म्हटलं. वीस वर्षांची होते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे पेपर देऊन मोकळी झालेली, पुढं एम.एस्सी. करायचं डोक्यात होतं. पण आई मरते आहे म्हटल्यावर एम.एस्सी.ची काय कथा! आईसाठी करण्यासारखं माझ्या हातात दुसरं होतंच काय? कोइमतूरला गलाई करणाऱ्या शिंद्यांचा भारत ठरला. मुलगा चांगला होता, हीच खरी पंचाईत. नाव ठेवायला जागा नव्हती. दिवस धरला आखितीचा, अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी मुहूर्त काढावा लागत नाही.

तर आबा आले. पायरीवरच थबकले. मावशीचं रडं, आईच्या मांडीवरचा डबा, सगळं त्यांना एका नजरेत कळलं.

"मालन, देवापुढं कुणाचं चालतं?" ते खाली बसत म्हणाले.

"देवाचं ऱ्हाऊ द्या भावजी. कस लावला का?"

"काय?"

"कस. दुकानात गिऱ्हाईक येतं, काळी पडलेली पाटली म्होरं टाकतं. आपण लगीच म्हणतो का, पितळ हाय, फेक म्हणून? दगडावर रेघ वढतो, तेजाबाचा थेंब सोडतो, रेघ ऱ्हाती का जाती बघतो, मग तोंड उघडतो. पाटलीला एवढी इज्जत. माझ्यातली गाठ कुणी काढून बघितली? कुणी सुई लावली?"

"सुई?" आबांचा आवाज चढला. "सुई लावली की भडकतं ते! वरच्या आळीतल्या बापूचं काय झालं? चालताबोलता माणूस, सुई लावली आन् महिन्यात आटोपला."

"बापू सुईनं गेला, का जायाला झालावता म्हणून सुई लावली?"

आबांनी विषयच बदलला. ते म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं तरी बघशील का न्हाई? आखितीला धरलंय."

तेव्हा आईनं माझ्याकडं मान वळवली.

"तू हो म्हणालीस?"

"हो."

"कशापायी?"

"तुझ्यासाठी, आई."

"माझ्यासाठी!" ती एवढंच म्हणाली. डब्याचं झाकण लावलं, उठून आत गेली. सगळ्यांना वाटलं, पटलं बाईला. थोरल्या काकूनं तर देवापुढं साखर ठेवली. मला मात्र धाकधूक होती. आई भांडत असली की काही भीती नसायची. ती गप्प झाली की घरातलं मांजरसुद्धा दबकून चालायचं.

बस्त्याला आम्ही विट्याला गेलो. बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडांची खरेदी. दोन्हीकडची मंडळी दुकानातल्या गाद्यांवर एकमेकांसमोर बसतात, चहा येतो, आणि कुणाला कसलं लुगडं यावरनं गोड शब्दांत हाणामाऱ्या चालतात. आईनं त्या दिवशी कमाल केली. नवऱ्यामुलाच्या आईला स्वतःच्या हातानं पैठणीची घडी उलगडून दाखवली. माझ्यासाठी आबांनी लाल शालू धरला होता, तो बाजूला सारून म्हणाली, "जांभळा दाखवा. लालात ती म्हातारी दिसती." सगळे हसले. शिंद्यांच्या बायका आपसात कुजबुजल्या, काय धीराची बाई बघा, एवढं असून. त्यांनाही सगळं ठाऊक होतं तर! इतके दिवस ठाऊक नव्हतं ते फक्त जिचं मरण होतं तिलाच.

आईच्या खांद्याला एक लांबरुंद कापडी पिशवी होती. आहेराची लुगडी घालायला आणली असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

शालूची घडी बांधायला घेतली तशी आई उठली. "वैजे, चल. म्होरच्या दुकानात झंपराचं कापड बघून येऊ. यांच्याकडं रंग न्हाई."

आम्ही रस्ता ओलांडला. समोरचं दुकान आलं आणि मागं राहिलं.

"आई, दुकान गेलं."

"जाऊ दे."

"अगं पण कुठं चाललीस?"

"पाय उचल."

स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. आई चढली. मी खालीच उभी. कंडक्टरनं विचारलं, "येणार का न्हाई बाई?" आई दारातून म्हणाली, "ती येती. तिला उशिरा कळतं." मी चढले. का चढले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आईला एकटीला कशी सोडू, एवढंच कळत होतं. गाडी बाजारपेठेतून वळली तेव्हा खिडकीतून कापडाचं दुकान दिसलं. दारात आबा उभे होते. हातात माझा जांभळा शालू, आणि मान एकदा या रस्त्याला, एकदा त्या.

कराड मागं पडेपर्यंत मी दम धरला. मग मात्र राहवेना.

"लोक काय म्हणतील, विचार केलास?"

"म्हणतील, आईनं पोरगी पळवली. पळवणारी परकी न्हाई, एवढं तरी समाधान."

"थट्टा सुचतेय तुला! मी स्वतः हो म्हटलं होतं. माझ्या शब्दाला काही किंमत?"

"तुला इचारलं कधी? डोळ्यांत पाणी आणून इचारतात, त्येला इचारणं म्हणत न्हाईत."

तिनं पिशवीतून सांगलीचे फोटो बाहेर काढले, ते मोडू नयेत म्हणून मांडीवर सरळ ठेवले आणि त्यावर हात ठेवून झोपी गेली. आबांच्या कपाटामागून काढले होते. मी रात्रभर तिच्याकडं बघत होते. मरणारं माणूस असं घोरतं का, असं सारखं मनात येत होतं, आणि त्या विचाराचीच भीती वाटत होती.

मुंबईत काळाचौकीला आमच्या गावच्या मंडळींची खोली होती, तिथं उतरलो. परळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात रांगा लावल्या. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून जिन्यावर, असं करता करता शेवटी डॉक्टर रेग्यांसमोर पोचलो. उंच, किडकिडीत माणूस. चष्मा कपाळावर चढवून टेबलावर शोधणारा. त्यांनी फोटो एकेक करून उजेडात धरले.

"वजन उतरलंय का बाई?"

"चढलंय. गावानं पंधरा दिवस अनारसं चारलं."

"खोकल्यातून रक्त? ताप? भूक मेलीय?"

"न्हाई. उजवीकडं दुखतं, जडजड. बाकी मी भट्टीपुढं दिवसभर बसती."

डॉक्टर हसले. "हे एवढं सगळं कॅन्सर असतं, तर तुम्ही माझ्यापुढं अशा बसला नसता. पण मी ज्योतिषी नाही. तपासू या."

आईनं लगेच पदर खोचला आणि कुशीवर हात ठेवला. "लावा सुई."

"सुई नाही लावायची."

आई खुर्चीतून उठलीच. "तुम्ही बी त्यातलंच? सुईनं भडकतं म्हणणारं?"

"भडकत वगैरे काही नाही, तो गैरसमज आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "माझी शंका वेगळी आहे. ही जर नुसती रक्तवाहिन्यांची गाठ असली, तर सुई म्हणजे पाण्यानं भरलेल्या फुग्याला टाचणी. आत रक्तस्राव झाला तर थांबवता थांबवता नाकी नऊ येतील."

आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जिच्यासाठी ती बस्त्यातून उठून आली, तीच सुई तिच्या जिवावर उठणार होती. आणि आबा म्हणत होते तेच, भलत्याच कारणानं का होईना, खरं निघालं होतं! बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "हे भावजींना सांगितलंस तर बघ."

पुढच्या तपासण्यांत शिरेतून औषध सोडून पोटाचे आणि छातीचे फोटो काढले. मी सायन्सची आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. औषध आधी गाठीच्या काठाला दिसत होतं, मग सावकाश, अगदी सावकाश, आत सरकत होतं. "लिव्हरमधल्या तर मला बिनधोक वाटतात," ते म्हणाले. "अशा पुष्कळांना असतात, आयुष्यभर कळतही नाही. घोडं अडतंय ते फुप्फुसाशी. फुप्फुसात असल्या साध्या गाठी इतक्या क्वचित सापडतात की मी फक्त वाचलंय. म्हणून नुसत्या फोटोवर शब्द देणार नाही. बरगड्यांमधून आत जाऊन एक गाठ अख्खी काढायची, तपासायची. भूल आहे, रक्त जाऊ शकतं, धोका आहेच. आणि कदाचित मी चुकतही असेन."

"एकच काढणार?" आईनं विचारलं.

"एक पुरे. बाकीच्या तिच्याच बहिणी."

"काढा."

तारीख मिळाली ती नेमकी आखितीची.

खोलीवरच्या कुणीतरी गावी कळवलंच. आखितीच्या आदल्या दिवशी, भेटायच्या वेळेला, आबा वॉर्डात आले. फेटा प्रवासानं मळलेला, डोळे लाल. त्यांनी आईकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ मला म्हणाले, "खाली जीप उभी हाय. आत्ता निघालो तर पहाटं पोचतो. मांडव हाय, आचारी आलेत, शिंद्यांनी उद्या दुपारपतुर मुदत दिलीया. चल."

"आबा, उद्या आईचं ऑपरेशन..."

"त्यासाठीच म्हणतोय. उद्या टेबलावर काय झालं तर? वर्षभर घरात शुभकार्य न्हाई. वर आईबाप नसलेली पोर, बस्त्यातनं उठून गेलेली. कोण करंल तुला? मी आज हाय, उद्या न्हाई." त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "तिच्या डोळ्यांदेखत न्हाई तर न्हाई, तिच्या कानावर तरी पडू दे, पोरगी उजवली म्हणून."

खरं सांगते, माझा पाय उचलला होता. आबा रडत होते, आणि त्यांच्या अन्नावर मी मोठी झाले होते. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. मी आईकडं बघितलं. म्हटलं, ही आता तोफ डागणार. पण तिनं आवाज चढवला नाही.

"भावजी, माझ्या लग्नाला तुम्हीच आलावता न्हवं मागणी घालायला?"

आबांनी मान हलवली.

"सांगा की पोरीला. मी कितवीत हुते?"

"जुनं कशाला उगाळतीस..."

"सातवीत," आई मला म्हणाली. "फायनलची परीक्षा पंधरा दिवसांवर. तालुक्याला पहिली येणार म्हणून मास्तर घरी सांगून गेलंवतं. तेवढ्यात अण्णाला कावीळ झाली. पोट फुगलं, डोळं पिवळं. वैद्य म्हणाला, आठवडा काढंल. सगळी म्हणाली, मालनच्या अक्षता त्याच्या डोळ्यांदेखत पडू द्या, सुखानं जाईल. मला बी इचारलं हुतं वैजे. डोळ्यांत पाणी आणून इचारलं. मी बी हो म्हणाले. अण्णासाठी."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. मी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेली. दातांनी ऊस सोलायचे. मी तेरा वर्षांची होईतो जिवंत होते.

"लगीन झालं. मी सासरी आले. आन् अण्णा आठ दिसांनी उठून बसला, कोंबडं कापा म्हणाला. त्याच्या म्होरं तेवीस वर्षं जगला." आईनं अंगावरची चादर सारखी केली. "पण मरंपतुर त्यानं माझ्या डोळ्याला डोळा दिला न्हाई. माहेरी गेले की रानात निघून जायाचा. जगला म्हणून लाज वाटायची त्याला माझ्या म्होरं. बापानं लेकीपुढं जगायची लाज धरायची. असलं डोळ्यांदेखत!"

आबा खाली फरशीकडं बघत होते.

"आन् मी खरंच मरणार असले तर मरंन," आई म्हणाली. "त्यात काय? पण माझ्या तिरडीच्या दोरीनं माझ्या पोरीचं बाशिंग बांधायचं न्हाई. वैजे, तुला भारत पसंत असंल तर पुढच्या वर्षी कर, त्याच्या पुढच्या वर्षी कर. आज जाऊ नगंस. आज गेलीस तर मी जगल्यावर तुला तोंड कसं दाखवू?"

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होते की ती आपल्या जिवासाठी पळाली. मरणाला कुठं भीत होती ती! तिला भीती होती जगण्याची. मला उजवून मग जगण्याची.

मी आबांच्या पायाला हात लावला. म्हटलं, "आबा, मी येत नाही. मांडव उतरवा."

"वैजे..."

"शिंद्यांना सांगा, मुलगी नाही म्हणाली. आईवर ढकलू नका. मी नाही म्हणाले. यावेळी मला कुणी विचारलं नाही, तरी मी सांगतेय."

आबा वळले आणि निघून गेले. जिन्यात त्यांच्या वहाणांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मला वाटलं, संपलं. या घराचं दार आपल्याला बंद झालं.

सकाळी आईला ट्रॉलीवरून नेलं. जाताना मला म्हणाली, "तोंड धुऊन ये. अवतार बघ." दार बंद झालं. मी वळले, तर पॅसेजमधल्या बाकड्यावर आबा बसलेले. फेटा सोडून मांडीवर ठेवला होता. जीप त्यांनी मोकळीच परत पाठवली होती, मांडव उतरवा असा निरोप देऊन. मी शेजारी जाऊन बसले. मध्येच त्यांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

डॉक्टर रेगे बाहेर आले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावरच होता.

"साधी आहे," ते म्हणाले. "आत्ताच तपासून घेतली. पक्कं उत्तर आठवड्यानं येईल, पण ते बदलेल असं वाटत नाही. नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता. हिमॅन्जिओमा म्हणतात. दोन्हीकडं एकदम, फुप्फुसात आणि लिव्हरमध्ये, मी तरी पहिल्यांदाच बघतोय."

"साधी म्हंजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे कॅन्सर नाही. अधूनमधून फोटो काढून लक्ष ठेवायचं. बाई जगतील हो."

आबांनी मांडीवरचा फेटा उचलला, त्यात तोंड खुपसलं आणि खांदे हलवून रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि डॉक्टर "अहो, चांगलं सांगितलंय मी" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आई संध्याकाळी शुद्धीवर आली. मी वाकून सांगितलं, "साधी निघाली गं." तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ओठ कोरडे पडले होते. तिनं विचारलं, "आखिती गेली?"

"गेली."

"ब्येस," म्हणाली आणि डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात पक्कं उत्तर आलं, तेही साधीचंच. शिंद्यांनी वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं, मग भारताच्या लग्नाची पत्रिका आली. आई आहेर घेऊन गेली. तोच जांभळा शालू! "घरात पडून काय करायचा," म्हणाली. मी एम.एस्सी. केली, विट्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले. लग्नही केलं, सावकाश, माझ्या सवडीनं. आईच्या गाठी अजून आहेत तिथंच आहेत. उजवी कूस दुखली की ती त्यांना शिव्या घालते.

आणि मग आबांची पाळी आली. जेवण गिळेना म्हणून तपासलं. कस लावूनच तपासलं, आबांनीच हट्ट धरला होता. यावेळी उत्तर साधं नव्हतं. आबांचा मुलगा, आमचा विलासदादा, आईला घ्यायला सेलमला गेला. आई डबा घेऊन गावी आली. आत अनारसे होते. बाहेर चैत्र.

ओसरीवर पाहुणे जमले होते. विलासदादा हळू आवाजात म्हणाला, "काकी, ऋतुजाला स्थळ आलंय. आबांची इच्छा हाय, नातीच्या अक्षता त्यांच्या डोळ्यांदेखत..."

"कुणाची इच्छा?" खाटेवरून आवाज आला. आवाज कसला, नुसता वारा राहिला होता. तरी सगळ्यांनी माना वळवल्या. "मला इचारलं का कुणी? डोळं माझं हाईत. काय बघायचं ते मी ठरवणार. खाट दारात घ्या."

खाट दारात घेतली. ऋतुजा बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी वेणी घालून, बॅग अडकवून ती एसटीला निघायची, वळणापाशी मागं बघून हात करायची. आबा हात उचलायचे. पुढं पुढं नुसती बोटं उचलायचे.

ते गेले त्या सकाळी तिचा पेपर होता. पोर उंबऱ्यात बसून हुंदके द्यायला लागली. आईनं तिला दंडाला धरून उठवलं, तोंड धुतलं, बॅग खांद्याला अडकवली आणि एसटीत बसवून आली. परत येऊन तिनं पदर खोचला आणि दारात उभी राहिली. भावकी बांबू घेऊन आली होती. ऊन चढत होतं. कुणीतरी म्हणालं, वहिनी, असं ताटकळवू नये. कुणीतरी म्हणालं, रीत असते.

"बांबू ठेवा खाली," आई म्हणाली. "पेपर सुटल्याबिगर एक दोरी बांधायची न्हाई."

दुपारच्या एसटीनं पोरगी आली. मग आम्ही आबांना उचललं.